गाडीची स्क्रीन बिघडली, दोष कोणाचा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गाडीला नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसली. बसवली आमच्या मुलाने. तो अकरावी सायन्सला आहे आणि घरातला मिक्सर, इस्त्री, शेजारच्यांचा पंखा अशा सगळ्यांवर त्याचा हात फिरून झालेला आहे. गाडी २०१३ ची, आम्ही ती सेकंडहँड घेतली. तिच्यात मूळचा सीडीवाला स्टिरिओ होता, तो फक्त एफएम पकडायचा. नवी स्क्रीन, तिची प्लास्टिकची फ्रेम आणि मागे लावायचा छोटा कॅमेरा, सगळे मिळून ७,२०० रुपयांना ऑनलाइन आले. दुकानात बसवणावळ वेगळी सांगत होते. मुलगा म्हणाला, "अब्बा, फक्त सहा-सात तारा आहेत, मी जोडतो."

आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. मुलाला 'करून पाहा' असे म्हणणे हा आमचा धंदाच आहे, त्यामुळे नाही कसे म्हणणार? शिवाय कॅमेऱ्याची आम्हाला खरोखर गरज होती. अम्माला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तासगावहून मिरजेला न्यावे लागते. पाळी सकाळी सातची. फजर झाली की लगेच निघायचे, थंडीत बाहेर अंधार, आमची गल्ली अरुंद, आणि गाडी रिव्हर्समध्येच बाहेर काढावी लागते.

पहिले दहा-बारा दिवस माशाअल्लाह सगळे झकास चालले. नकाशा दिसतो, फोन वाजला की स्पीकरवर येतो, मागचे चित्र स्क्रीनवर. पाहुण्यांना गाडीत बसवून दाखवून झाले. मग एका दुपारी शाळेतून परतताना आवाज आपोआप वाढू लागला. बोट कोणी लावले नव्हते. चाळीसपर्यंत गेला आणि बातम्या देणारी बाई आमच्या कानात ओरडू लागली. दुसऱ्या दिवशी स्क्रीनने स्वतःहून फोनची यादी उघडली आणि केंद्रप्रमुखांना फोन लावला. त्या वेळी आम्ही दोघे गाडीत नेमके त्यांच्याच एका परिपत्रकाबद्दल बोलत होतो. त्यांनी किती ऐकले हे आम्ही आजवर विचारलेले नाही, त्यांनीही सांगितलेले नाही.

या प्रकाराला जगभर 'घोस्ट टच' म्हणतात, म्हणजे भुताचे बोट. मुलाने मेनूत जाऊन रीसेट केले. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग त्याने कुठून तरी सॉफ्टवेअरची फाइल मिळवून पेन ड्राइव्हवरून चढवली. त्यानंतर नवीनच खेळ सुरू झाला. डावीकडे बोट लावले की उजवीकडचे बटण दाबले जायचे. आता तर रीसेटचे बटणही नीट दाबता येईना.

इथे आमचा तोल गेला. जे बोलायला नको ते आम्ही बोललो. अर्धवट ज्ञान, सात हजार पाण्यात, मूळचा स्टिरिओ काय वाईट होता, अभ्यास सोडून नको ते उद्योग. मुलगा काही बोलला नाही. त्या दिवसापासून त्याने गाडीला हात लावणे सोडले. ताटावरून उठून सरळ खोलीत. अम्माने आम्हाला विचारले, "गाडी चलती ना? फिर काय कू बच्चे को बोलते?"

गाडी चालत होती. पण पुढच्याच आठवड्यात, पहाटे, अम्माला मागे बसवून आम्ही इंजिन सुरू केले, रिव्हर्स टाकला आणि सवयीने स्क्रीनकडे पाहिले. स्क्रीनवर कंपनीचे चिन्ह गोल गोल फिरत होते. आता चित्र येईल, आता येईल, असे म्हणत गाडी हळूहळू मागे जात होती. अम्मा मागच्या काचेतून पाहत होती म्हणून बरे. ती एकदम ओरडली, "ठैर, ठैर!" शेजारची सात-आठ वर्षांची पोरगी दुधाची किटली घेऊन गाडीच्या मागे उभी होती. अंतर दोन हात असेल.

त्या दिवशी मिरजेला जाताना गाडीत कोणी एक शब्द बोलले नाही.

अम्मा आत गेल्यावर चार तास मोकळे असतात. आम्ही स्क्रीन घेऊन आधी एका मोठ्या दुकानात गेलो. त्यांनी दोन मिनिटे पाहिले आणि सांगितले, "टच गेला. नवीन युनिट घ्या, चौदा हजारांत चांगले देतो." एक तार उघडली नाही की एक स्क्रू फिरवला नाही. मग रिक्षावाल्याने पत्ता दिला म्हणून गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. साठीचे गृहस्थ, पत्र्याचे छोटेसे दुकान. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलेच नाही. पहिला प्रश्न विचारला, "कधी होते? रोज की कधी कधी? सकाळी की दुपारी?" आम्हाला धड सांगता आले नाही. दोघांची उत्तरे दोन निघाली. चाचा म्हणाले, "आधी ते बघा. आठ दिवस लिहून ठेवा आणि ज्याने तारा जोडल्या त्याला बरोबर आणा."

घरी येऊन हे मुलाला कसे सांगायचे याचा आम्ही वाटेत बराच विचार केला. सांगितले तेव्हा तो उठून खोलीत गेला आणि एक वही घेऊन आला. त्याने पहिल्या दिवसापासून लिहून ठेवले होते. तारीख, वेळ, गाडी कुठे उभी होती, लाइट चालू की बंद, एसी किंवा ब्लोअर चालू की बंद, काय झाले. आम्ही बडबडलो त्या दिवशी नोंद थांबली होती.

वही वाचताना आम्हाला जरा लाजल्यासारखे झाले. विज्ञानाच्या तासाला आम्ही फळ्यावर लिहितो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, निरीक्षण नोंदवावे, मगच कारण शोधावे. घरी मात्र एका संध्याकाळी आम्ही रीसेट केले, फ्यूज बदलली, फ्रेमचे स्क्रू आवळले, वर स्क्रीनगार्ड चिकटवला, आणि नंतर 'कशाने बिघडले' म्हणून मुलाला धरले.

वहीत दोन वेगळे गट दिसत होते. एक दुपारचा. गाडी शाळेच्या मैदानात उन्हात उभी राहिली की परतीच्या वाटेवर डावीकडच्या कडेचा त्रास, म्हणजे आवाज वाढणे आणि होम बटण दाबले जाणे. दुसरा पहाटेचा. त्यात स्क्रीनवर कुठेही उड्या पडायच्या, पण काचेवरचे धुके घालवायला ब्लोअर चालू असेल तेव्हाच. ब्लोअर बंद केला की थांबायचे. आपल्याला एकच रोग आहे असे वाटत होते, ते दोन निघाले. आणि पहाटे चित्र उशिरा येण्याचा तिसराच.

पुढे जाण्याआधी ही स्क्रीन बोट ओळखते कशी, ते थोडे सांगायला हवे. हल्लीच्या बहुतेक स्क्रीन कपॅसिटिव्ह असतात. काचेच्या आतल्या बाजूला पारदर्शक वाहक पदार्थाच्या बारीक रेषांची आडवी-उभी जाळी असते आणि तिच्यावर अगदी थोडा विद्युतभार असतो. आपले शरीर वीज वाहते, म्हणून बोट जवळ आले की त्या ठिकाणचा भार किंचित बदलतो. एक छोटी चिप सेकंदाला कित्येक वेळा सगळी जाळी तपासते आणि कुठे बदल झाला ते शोधते. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली अशा स्क्रीनबद्दल लिहिले, ते विमानांच्या वाहतूक नियंत्रणासाठी. गाडीत टचस्क्रीन १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ब्युइक रिव्हिएरा गाडीत आली, तीही जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या नळीची.

मुद्दा असा की ही चिप फार किरकोळ बदल मोजते. म्हणून तिला फसवणेही सोपे असते. पाण्याचे थेंब, काचेवर कडेने पडणारा दाब, आत वाकलेली पट्टीसारखी केबल, आणि वीजपुरवठ्यातला गोंगाट, यातले काहीही तिला बोटासारखे वाटू शकते. स्क्रीन 'गेली' असे म्हणण्याआधी या चार गोष्टी पाहायला हव्यात. चौदा हजारांचे नंतर.

पुढच्या रविवारी मुलाला घेऊन चाचांकडे गेलो. आम्हाला बाकावर बसवून त्यांनी मुलालाच हत्यारे दिली. "खोल बेटा." पहिल्यांदा बॅटरीची मायनस तार काढायला लावली. हे घरी आम्ही केलेच नव्हते. मग फ्रेम. चारही स्क्रू काढून स्क्रीन फ्रेमशिवाय नुसती तारांवर ठेवली, बॅटरी पुन्हा जोडली, आणि गाडी तासभर उन्हात उभी केली. डाव्या कडेचा त्रास बंद. फ्रेम लावून स्क्रू घट्ट आवळले, पंधरा मिनिटांत आवाज वाढायला लागला. म्हणजे फ्रेम काच दाबत होती. उन्हात प्लास्टिक फुगले की दाब आणखी वाढायचा. चाचांनी विचारले, "इतका स्क्रू कोणी टाइट केला?"

मुलगा गप्प राहिला. स्क्रू आम्ही आवळले होते. खडखड येते म्हणून, आणि त्यांच्याखाली दुहेरी चिकटपट्टीचा एक थरही दिला होता. ती पट्टी काढली, फ्रेमची आतली धार कानशीने किंचित घासली, स्क्रू हाताने बसतील तेवढेच बसवले. खडखडीसाठी फ्रेमच्या मागच्या बाजूला, काचेला न टेकेल असा फोमचा तुकडा लावला. स्क्रीनगार्डखाली कडेला हवा राहिली होती, तोही काढून टाकला.

पहाटेच्या रोगाला मल्टिमीटर लागला. हे साधन तीन-चारशे रुपयांत मिळते आणि गाडीत हात घालणाऱ्या प्रत्येकाकडे ते असावे, असे आता आमचे मत आहे. इंजिन चालू, लाइट आणि ब्लोअर चालू. मीटरची एक पिन स्क्रीनच्या काळ्या तारेला, दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला. आकडा शून्याच्या जवळपास यायला हवा. आमचा ०.८ व्होल्ट आला. ब्लोअर बंद केला की खाली. मुलाने काळी तार डॅशबोर्डमागच्या एका स्क्रूखाली दाबली होती. तो स्क्रू रंग दिलेल्या पट्टीत होता आणि त्याच ठिकाणी ब्लोअरचाही अर्थ होता. ब्लोअर भरपूर करंट ओढतो. सांधा कच्चा असला की तो करंट तिथे अडखळतो, आणि स्क्रीनची जमीनच वर-खाली होते. मग तिने बोट तरी कसे ओळखायचे? चाचांनी अर्थाची तार वेगळी काढली, बॉडीच्या एका बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला आणि तिथे रिंग लावून घट्ट केली. आकडा ०.०५ वर आला. मुलाने तो लगेच वहीत लिहिला.

आता तिसरे, ज्याने आमची झोप उडवली होती ते. अशा युनिटला साधारणपणे दोन प्लस तारा येतात. पिवळी तार बॅटरीचा कायमचा पुरवठा घेते. तिच्यामुळे घड्याळ, सेटिंग वगैरे लक्षात राहते आणि यंत्र झोपेत राहते. लाल तार किल्ली फिरवली की जागी होते. तिला एसीसी म्हणतात. आमच्या गाडीच्या मूळ कपलरमधल्या तारांचे रंग वेगळे होते, कारण गाडीवाल्याचे रंग आणि स्क्रीनवाल्याचे रंग यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. मुलाला कायमची तार सापडली नाही, म्हणून त्याने लाल आणि पिवळी दोन्ही पिळून एकाच किल्लीच्या तारेला जोडल्या. स्क्रीन लागली, तो खूश, आम्हीही खूश. पण किल्ली काढली की यंत्राचा जीवच जायचा. पुन्हा सुरू करताना ते पहिल्यापासून, अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेऊन, उठायचे. आणि गाडी मागे घ्यायची वेळ नेमकी तीच.

यात चूक मुलाची होती, आणि चाचांनी ती झाकली नाही. त्यांनी मीटर त्याच्या हातात देऊन शोधायला लावले. किल्ली काढलेली असतानाही बारा व्होल्ट दाखवते ती कायमची तार. किल्ली पहिल्या खाचेत फिरवल्यावरच दाखवते ती एसीसी. पाच मिनिटांचे काम. (उलट चूकही लोक करतात. दोन्ही तारा कायमच्या पुरवठ्याला जोडतात, मग स्क्रीन कधी झोपतच नाही आणि चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते.) आता किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंदांत मागचे चित्र येते.

पण फ्यूजची गोष्ट निघाली तेव्हा चाचा खरे चिडले. पिवळ्या तारेवर १० अँपिअरची फ्यूज होती. बसवताना तार पत्र्याला लागून ती उडाली. घरात तेवढ्या आकड्याची नव्हती, म्हणून २० ची टाकली. ती कोणी टाकली हे घरातच राहू दे, पण मुलाने नाही. फ्यूज स्क्रीनला वाचवण्यासाठी असते असा आमचा समज होता. चाचा म्हणाले, "फ्यूज तारेसाठी असते." बारीक तारेवर मोठी फ्यूज लावली आणि कुठे शॉर्ट झाले, तर फ्यूज उडायच्या आधी तार तापते, तिचे आवरण वितळते, आणि ते सगळे डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिक आणि कापडाच्या मध्ये. त्यांनी आमचे पिळलेले सांधे काढून दाखवले. चिकटपट्टी उन्हाने मऊ होऊन सरकली होती, एका ठिकाणी तांबे उघडे पडले होते. त्या गाडीतून आम्ही अम्माला आठवड्यातून दोनदा नेत होतो. सगळे सांधे झाळून त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, फ्यूज पुन्हा १० ची.

राहिला उलटा टच. तो दोष हार्डवेअरचा नव्हताच. मुलाने चढवलेली फाइल दिसायला सारख्या पण वेगळ्या काचेच्या युनिटची होती. अशा वेळी एक युक्ती फार कामाची आहे. संगणकाचा साधा यूएसबी माऊस स्क्रीनच्या यूएसबी तारेला लावायचा. पडद्यावर बाण येतो आणि टचशिवाय सगळे मेनू उघडता येतात. मुलाने विक्रेत्याकडून आमच्याच युनिटची फाइल आणि फॅक्टरी सेटिंगचा पासवर्ड मागवला, माऊसने आत जाऊन टच पॅनेलचा योग्य प्रकार निवडला. बोट जिथे, बटण तिथे. या वेळी आधी त्याने प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. हे पहिल्यांदाच केले असते तर, असे आमच्या तोंडावर आले होते. गिळले.

चाचांनी ६०० रुपये घेतले. त्यातले शंभर त्यांनी मुलाच्या हातावर ठेवले, "कामाचे". आम्ही नको नको म्हणत होतो, त्यांनी ऐकले नाही.

ज्यांच्या घरात असा उद्योगी मुलगा किंवा मुलगी आहे त्यांना आम्ही आता 'करू नका' म्हणणार नाही. पण गाडी नवी असेल तर मूळ तारा कापू नका. कापलेली तार दिसली की वॉरंटीचा वाद होतो. बहुतेक गाड्यांसाठी तयार कपलर मिळतो, त्याच्या एका बाजूला गाडीचा प्लग आणि दुसऱ्या बाजूला स्क्रीनचा. दोन-तीनशे रुपयांचा तो तुकडा आम्ही वाचवला होता. कंपनीने न बसवलेली अशी वस्तू विम्यात धरायची असेल तर पॉलिसी काढताना वेगळी सांगावी लागते, नाही तर चोरी किंवा अपघातात तिचे पैसे मिळत नाहीत.

मोठ्या कंपन्यांनाही हे सुटलेले नाही. टेस्लाने २०२१ साली अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या स्क्रीनमागची मेमरी चिप सतत लिहून-पुसून झिजत होती, आणि ती गेली की मागच्या कॅमेऱ्याचे चित्रही जायचे. युरोपात गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना खरेखुरे बटण किंवा दांडी असावी असा आग्रह धरते, नसेल तर गुण कापते. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. ते टूं टूं वाजतात, त्यांना स्क्रीन लागत नाही. आमची गाडी त्याआधीची. आता एक सेन्सरचा संचही आणून ठेवला आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवू.

तोवर एक नियम अम्माने घातला आहे. रिव्हर्स टाकण्याआधी आमच्यापैकी एकाने खाली उतरून गाडीच्या मागे उभे राहायचे. स्क्रीन चालू असली तरी. त्या पोरीच्या आईला आम्ही जाऊन झाले ते सगळे सांगितले. ती काही वेळ गप्प बसली, मग चहा ठेवला.

कॅमेऱ्याच्या चित्रात मार्ग दाखवणारी पिवळी रेघ अजून थोडी तिरकी दिसते. मुलगा म्हणतो, कॅमेरा एका बाजूला झुकला असेल किंवा सेटिंग असेल. कोणते ते त्याला अजून माहीत नाही. आम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन निघालो होतो, त्याने हातातून काढून घेतला. "अब्बा, आधी लिहू द्या."